लाँगआर्मवर वर्तुळ अंड्यासारखं होतंय? नवीन टेम्पलेट घेण्याआधी हे तपासा

गेल्या पावसाळ्यात मी माझ्या लाँगआर्मसाठी (फ्रेमवर ताणलेल्या क्विल्टवर, म्हणजे थरांच्या गोधडीवर, फिरत शिवणारं मोठं मशीन) एकामागून एक चार टेम्पलेटं, म्हणजे ज्यांच्या कडेने मशीन फिरवायचं ते साचे, घेतली आणि चौथ्यानंतरही वर्तुळ काही गोल होईना. शेजारचे आबा, आयुष्यभर सुतारकाम केलेले, चहाला आले होते. फ्रेमचा रोलर सैल सोडलेला होता. त्यांनी वाकून पाहिलं, बोटाने एक वर्तुळ चाचपलं आणि म्हणाले, “ह्यां वर्तुळ नाय गो बाय, ह्यां अंडां आसा.”

खरंच होतं ते. वर्तुळ पुढून मागे दबलेलं, आणि सुरुवात नि शेवट एकमेकांना चुकवून गेलेले. हा त्रास लाँगआर्म वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीला कधी ना कधी होतो. मग पहिला हात खिशाकडे जातो, कारण टेम्पलेट विकत मिळतं. बाकीची कारणं विकत मिळत नाहीत, ती शोधावी लागतात.

काम होतं सावंतवाडीच्या गंजिफावरून, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांवरून, सुचलेलं. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकी १२ पानं, अशी १२० पानं, आणि सगळी गोल. पुण्याच्या एका ताईंना भिंतीवर लावायला तशी क्विल्ट हवी होती: एका ओळीत १२ वर्तुळं, अशा १० ओळी, प्रत्येक वर्तुळ ४ इंचांचं, केंद्रं ५ इंचांवर. म्हणजे ६० बाय ५० इंच. पानाफुलांच्या भरणीत एखादं वाकडं वर्तुळ लपून जातं. इथे ओळीत उभी असलेली १२० वर्तुळं, एक चुकलं तरी ते पंगतीत उलटं ताट वाढल्यासारखं दिसतं.

पहिल्या दोन ओळी छान झाल्या. तिसरीपासून बिघडलं. “पुढच्या ओळीत बिघडलं” हीच मोठी खूण होती, पण मला ती दिसायला दीड महिना लागला.

आधी कागद

सगळ्यात आधी दोष कुणाचा हे ठरवा: कापडाचा, मशीनचा, फुटाचा (सुईभोवतीचा, कापडावर टेकणारा भाग) की टेम्पलेटचा. त्यासाठी जाड कार्डशीट घ्या. फ्रेमवर जुनं कापड लावून त्यावर ते चिकटपट्टीने चारही बाजूंनी बसवा. वरचा धागा काढा, बॉबिन काढा, एक जुनी सुई लावा (कागदाने सुई बोथट होते, नवीन वाया घालवू नका). नेहमीसारखं टेम्पलेट धरून वर्तुळ मारा. कागदावर छिद्रांचं वर्तुळ उठेल. मग टेम्पलेट पाव फेरा फिरवून शेजारी दुसरं मारा. दोन्हीचे व्यास पट्टीने मोजा, एकदा आडवे, एकदा पुढून मागे.

कागदावर गोल आणि कापडावर अंडं, तर दोष ताणाचा. दोन्ही वर्तुळांत त्याच त्या जागी, विशेषतः घड्याळातल्या बारा, तीन, सहा, नऊच्या आसपास चपटेपणा, तर मशीन ज्यांवर सरकतं ती चाकं आणि रूळ बघा. चपटी जागा टेम्पलेटबरोबर फिरली, तर टेम्पलेटच वाकडं. आणि वर्तुळ छान गोल, पण खुणेपासून सगळंच्या सगळं एका बाजूला सरकलेलं, तर सुई फुटाच्या मध्यावर नाही किंवा सुई वाकलेली आहे. हे शेवटचं अनेकजणी विसरतात. फूट एका बाजूला असला तर वर्तुळ बिघडत नाही, ते नुसतं घर बदलतं.

माझ्याकडे कागदावर जवळजवळ गोल आलं. म्हणजे चार टेम्पलेटांचे पैसे गेले होते ते गेलेच.

ताण: खरा गुन्हेगार

लाँगआर्ममध्ये कापड जागच्या जागी असतं आणि मशीन फिरतं. म्हणून कापड ताणून धरायचा मोह होतो. ढोलकीसारखं वाजेल इतकं ताणलं की काम शिस्तीत होईल असं वाटतं. होतं उलटं. पुढून मागे ताणलेल्या कापडावर तुम्ही अगदी अचूक ४ इंचांचं वर्तुळ मारलं, तरी रोलर सोडल्यावर कापड आपल्या मूळ मापावर येतं, आणि त्याच दिशेने वर्तुळ दबतं. फ्रेमवर गोल, गादीवर अंडं. आबांना ते दिसलं कारण रोलर सैल होता. मी रोज ताणलेल्याच फ्रेमवर बघत होते, मला कसं दिसणार!

तिसऱ्या ओळीपासून का? कारण प्रत्येक वेळी क्विल्ट पुढे गुंडाळली की मी रॅचेटचा (रोलर अडवून धरणारं दातेरी चाक) एक दात जास्त ओढत होते. भीतीने. वरचा थर सुरकुतेल म्हणून.

तपासायला बांगडी घ्या. क्विल्ट फ्रेमवर चढवण्याआधी टेबलावर सपाट पसरलेली असताना कोपऱ्यात धातूच्या बांगडीच्या आतल्या कडेने खडूचं वर्तुळ काढा. बांगडीचं माप ठाऊक असतंच: दोन-चार म्हणजे आतला व्यास सव्वादोन इंच, दोन-सहा म्हणजे दोन आणि तीन अष्टमांश, दोन-आठ म्हणजे अडीच. माप आतल्या व्यासाचं आहे हे लक्षात ठेवा, बाहेरून पेन्सिल फिरवलीत तर वेगळंच वर्तुळ येईल. आता क्विल्ट चढवा, ताण द्या, आणि तीच बांगडी पुन्हा त्या वर्तुळावर ठेवा. पुढेमागे खडू बांगडीच्या खालून बाहेर डोकावला, तर ताण जास्त. बांगडी नेमकी बसेपर्यंत रॅचेट सोडा. काचेची बांगडी मशीनजवळ आणूच नका, आणि कोणतीही बांगडी टेम्पलेट म्हणून फुटाला टेकवू नका. ती फक्त खुणेची.

रोजचं माप म्हणजे खालून बोट. क्विल्टच्या खालून तर्जनी वर दाबायची आणि वरून दुसऱ्या हाताने तिचं टोक पकडायचं. पहिल्या पेरापर्यंत पकडता आलं तर ताण बरोबर. बोट वर येतच नसेल तर सोडा. बाजूचे क्लॅम्प फक्त कापड सरळ धरण्यापुरते लावा. ते जोरात ओढले तर वर्तुळ आडवं दबतं, आणि मग पुढच्या ताणाशी भांडण सुरू होतं.

आणखी एक गोष्ट, जी ताणासारखीच दिसते पण वेगळी आहे. क्विल्ट गुंडाळत गेली की मागचा रोलर जाड होतो आणि कापडाची मशीनच्या तळापासूनची उंची बदलते. वर उचललेल्या कापडावर टेम्पलेट ठेवलं की ते खाली दबतं, हात काढला की उसळतं. फुटाखाली कापड उडायला लागलं की टाके सुटतात ते वेगळंच. ज्या फ्रेमला मागचा रोलर वर-खाली करायची सोय आहे त्यांनी प्रत्येक दोन-तीन गुंडाळण्यांनंतर त्याची उंची जुळवावी. कापड तळाला जेमतेम टेकलेलं हवं.

खारी हवा आणि कोब्याची जमीन

माझं मशीन वेंगुर्ल्यात समुद्रापासून फार लांब नाही, पूर्वी जिथे आंब्याची अढी घालायचे त्या खोलीत. जांभ्याच्या भिंती, कोब्याची जमीन. १२ फुटी फ्रेम अशा जमिनीवर सपाट बसेल ही आशाच खोटी.

फ्रेम सपाट आहे का हे मशीनलाच विचारा. मधोमध उभं करा आणि हँडल सोडून द्या. ते हळूच एका बाजूला घरंगळलं, तर त्या बाजूचे पाय उचला. मग पाणसळ घेऊन पूर्ण करा. घरंगळणारं मशीन वर्तुळाच्या एका अर्ध्यात टेम्पलेटला आपणहून चिकटतं आणि दुसऱ्या अर्ध्यात सुटून पळतं. आपण नकळत त्याला आवरायला जोर लावतो, आणि टेम्पलेट सरकतं.

चाकांवर धाग्याचा कचरा बसतोच, पण इथे त्यावर खाऱ्या दमटपणाचा थर चढतो आणि रुळांवर बारीक गंज. बोटाने रूळ चाचपा, खरखर लागली तर समजा. मी पावसाळ्यात आठवड्याला एकदा रूळ आणि चाकं स्पिरिटने पुसते आणि काम नसताना रुळांवर जुनी कोरडी चादर टाकते. तेल लावू नका. रुळावर तेल लागलं की चाकं घसरतात आणि टाक्याची लांबी मोजणाऱ्या एन्कोडरला मशीन किती हललं ते नीट कळत नाही.

वीज गेली तर? जाणारच, ही कोकणातली पावसाळी खात्री आहे. वर्तुळाच्या मध्येच अंधार झाला तर टेम्पलेट उचलू नका. हाताने चाक फिरवून सुई खाली घाला, टेम्पलेटच्या कडेने खडूची एक खूण मारा, मग चहा करा.

शेवट जुळत का नाही

अंड्याचं प्रकरण सुटलं तरी शेवट न जुळण्याचं राहतं. इथे मात्र टेम्पलेटचा प्रकार खरोखर महत्त्वाचा आहे.

वर्तुळ मारायचं दोन पद्धतींनी: गोल चकतीच्या बाहेरून फूट फिरवा, किंवा भोकाच्या आतून. आतून मारायचं तर फूट आत जायला वाट हवी. लाँगआर्मचा फूट ६ मिमी जाड पूर्ण कड्यावरून सहज उडी मारत नाही, म्हणून अशी टेम्पलेटं उघड्या तोंडाच्या कड्यासारखी असतात, किंवा दोन तुकड्यांची. त्या उघड्या तोंडापाशी कड नसते. म्हणजे वर्तुळाचा एक छोटा तुकडा टेम्पलेट फिरवून मारावा लागतो. तिथेच घोळ होतो.

माझी पद्धत अशी. कापडावर आधी खडूने अधिक चिन्ह काढते, चारही टोकं वर्तुळाच्या बाहेर थोडी लांब. टेम्पलेटवरच्या कोरीव रेषा त्याच्यावर बसवते. तोंडाच्या लगेच पुढे सुई खाली-वर करून खालचा धागा वर ओढते, मग सुरुवात. तोंडाच्या अलीकडच्या काठाशी येऊन थांबते. सुई खाली. आता टेम्पलेट उचलायचं नाही, कापडावर सपाट ठेवूनच ४५ अंश फिरवायचं, कोरीव रेषांपैकी दुसरी रेषा अधिक चिन्हाच्या दांडीवर पुन्हा बसेपर्यंत. फूट आतल्या कडेला नुसता टेकलेला. मग उरलेला तुकडा पूर्ण करून पहिल्या टाक्यांवर तीन-चार टाके चढवते. पहिल्यांदा मी डोळ्याने अंदाज घेऊन फिरवत होते, आणि दर वेळी दीड-दोन मिलिमीटर हुकत होतं.

अर्धवर्तुळाची पट्टी वापरत असाल तर तिची सपाट कड मध्यरेषेवर नेमकी हवी. ती पुढे-मागे झाली, आणि दुसऱ्या अर्ध्यात उलट्या बाजूला झाली, तर चूक सांध्यावर दुप्पट दिसते.

थांबल्यावरही सुई चालू ठेवणारा मोड असेल तर वर्तुळासाठी तो बंद करा. टेम्पलेट फिरवताना एका जागी टाक्यांचा गुच्छ होतो.

आणि हाताचं. फूट टेम्पलेटला टेकवायचा, ढकलायचा नाही. डाव्या हाताची बोटं पसरून, करंगळी टेम्पलेटच्या बाहेर कापडावर. अंगठा फुटाच्या वाटेत कधीच नाही.

आता टेम्पलेट घ्या

पहिली अट जाडी. लाँगआर्मच्या हॉपिंग, म्हणजे टाक्यागणिक वर-खाली होणाऱ्या, फुटासाठी टेम्पलेट ६ मिमी, म्हणजे पाव इंच जाड अॅक्रिलिकचं हवं. घरगुती मशीनसाठी ३ मिमी आणि ४.५ मिमीचीही मिळतात, आणि स्वस्त दिसली म्हणून आपण ती घेतो. ती चालणार नाहीत. फूट वर गेला की पातळ पट्टीवर चढतो, सुई अॅक्रिलिकवर आपटते. नशीब चांगलं असेल तर सुईच तुटते. नाही तर हुकचं (खालचा धागा गुंफणारा भाग) टायमिंग बिघडतं, आणि मग कारागिराची वाट बघत बसा. मशीनला रुंद तळ, म्हणजे फुटाखाली जोडायची सपाट पाटी, लावल्याशिवायही टेम्पलेट वापरू नका. खाली आधार नसला की टेम्पलेट तिरकं होतं.

दुसरी गोष्ट हिशेबाची. टेम्पलेटला टेकणाऱ्या (रुलर) फुटाचा बाहेरचा व्यास साधारण अर्धा इंच असतो, म्हणजे सुई टेम्पलेटच्या कडेपासून पाव इंच लांब चालते. म्हणून ४ इंचांचं शिवलेलं वर्तुळ हवं असेल तर आतून मारायला भोक साडेचार इंचांचं, बाहेरून मारायला चकती साडेतीन इंचांची. काही उत्पादक टेम्पलेटवर शिवलेल्या वर्तुळाचं माप लिहितात, काही टेम्पलेटचं. विकत घेण्याआधी ते विचाराच. माझं दुसरं टेम्पलेट इथेच फुकट गेलं: मी ४ इंचांचं भोक मागितलं आणि वर्तुळ साडेतीन इंचांचं आलं. चूक दुकानाची नव्हे, माझी.

कोणता प्रकार? १ इंचाच्या आतल्या वर्तुळांना टेम्पलेट कशाला, ती मोकळ्या हातानेच मारा, चकती धरायला गेलात तर बोटं सुईपाशी येतात. २ ते ६ इंचांसाठी उघड्या तोंडाचं आतलं कडं, कारण सभोवती हात ठेवायला भरपूर जागा मिळते आणि फूट आत कोंडलेला असतो, पळून जात नाही. त्याहून मोठ्या वर्तुळाला चाप, म्हणजे पाव किंवा अर्धवर्तुळाची पट्टी. एक मर्यादा आधीच जाणून घ्या: मशीनचा गळा, म्हणजे सुईपासून मागच्या खांबापर्यंतची जागा, १८ इंचांचा असला तरी १८ इंचांचं वर्तुळ बसत नाही. रोलरवर गुंडाळलेली क्विल्ट जागा खाते, आणि क्विल्ट संपत आली की सगळ्यात जास्त खाते. मोठं वर्तुळ मारायचं तर क्विल्टच्या सुरुवातीला ठेवा.

पिनेभोवती फिरणारी टेम्पलेटंही आहेत, ऑस्ट्रेलियातल्या वेस्टली डिझाइनची बरीच प्रसिद्ध आहेत. एका केंद्रातून अनेक वर्तुळं, पाकळ्या, जाळ्या काढायच्या तर त्यांना तोड नाही. नुसत्या १२० सुट्या वर्तुळांसाठी मला ती जड वाटली: प्रत्येक केंद्रात पिन खुपसा, काढा. क्विल्टच्या आतला मऊ थर फुगीर असेल तर पीन डुलते आणि केंद्रच हलतं. शिवाय पिनेचं टोक खाली उरलं तर रुंद तळाला घासतं, ते खालून झाकलेलं आहे ना हे बघा.

बाहेरून मागवायचं नसेल तर इथेही करून मिळतं. कुडाळ, सावंतवाडी, रत्नागिरी, कुठेही साइनबोर्ड करणारे लेझर कटिंग करतात. माझं चौथं टेम्पलेट तसंच आहे आणि तेच आज वापरते. त्यांना सांगताना इंच सांगू नका, मिलिमीटर सांगा, आणि आधी तुमचा फूट व्हर्नियरने मोजा. माझा १३ मिमी भरला. ४ इंच म्हणजे १०१.६, अधिक १३, भोक ११४.६ मिमी. शीट हातात घेऊन जाडी मोजा, “सहाची” म्हणून मिळणारी शीट सहा भरेलच असं नाही. पारदर्शकच घ्या. मध्यातून जाणाऱ्या रेषा, आणि दर ४५ अंशांवर एक, लेझरनेच कोरून घ्या, त्याशिवाय फिरवण्याची माझी पद्धत चालायची नाही. एमडीएफचं (दाबलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड) स्वस्त पडतं म्हणून मी पहिलं त्यात केलं होतं. जुलै संपेपर्यंत त्याची कड फुगून खरखरीत झाली, फूट अडकायला लागला. कोकणात एमडीएफ टेम्पलेट म्हणजे पापड पावसात वाळत घालणं.

टेम्पलेट सरकू नये म्हणून खाली काहीतरी लावावं लागतं. फोमची दुपदरी पट्टी नको: ती टेम्पलेटला कापडापासून उचलते, फुटाची कड खाली शिरू पाहते, आणि उकाड्यात तिचा गोंद पाघळून कापडाला लागतो. पातळ रबरी ग्रिप किंवा बारीक पॉलिश पेपरचे बोटाच्या नखाएवढे तुकडे पुरतात. रेशमी किंवा सॅटिनच्या कापडावर पॉलिश पेपर नको, धागे उठतात.

खुणेला टेलरचा खडू. हवेत आपोआप उडणारं पेन इथल्या दमट हवेत फार लवकर उडतं. पाण्याने जाणारं निळं पेन चालतं, पण खूण पुसण्याआधी इस्त्री फिरवू नका, डाग पक्का बसतो.

मी तिसऱ्या ओळीपासून पुढची सगळी वर्तुळं उसवली. मग ताण सोडला, बांगडी बसवून बघितली, रूळ पुसले, फ्रेमचा एक पाय उचलला आणि चौथ्या टेम्पलेटने पुन्हा सुरुवात केली. उसवल्यावर राहिलेली भोकं ओल्या फडक्याने पुसून नखाने आडवी-उभी घासली की सुती कापडात बरीचशी मिटतात. शेवटच्या ओळीआधी क्विल्ट सैल सोडून आबांना बोलावलं. त्यांनी खिशातून लाकडी फूटपट्टी काढली, एक वर्तुळ आडवं मोजलं, मग उभं. “आता चाय कर,” म्हणाले. नववी ओळ मात्र त्यांनी मोजली नाही. तिथलं सातवं वर्तुळ मला अजून थोडं खटकतं, आणि आता ते पुण्याला भिंतीवर आहे.